दोन्ही डाव्या

बाही हातात धरून बॉबिन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, गिऱ्हाईकाला दोन्ही हात डावेच आहेत का?"

शिलाईच्या कारखान्यातले सगळे हसले. मशीनं चालू ठेवूनच हसले, कारण मालक काचेआडून बघत होता. मास्तरही हसला. हसताना डोक्याच्या मागच्या बाजूला, मान संपते तिथं, कुणीतरी ओलं कापड पिळावं तसा एक पीळ बसला आणि त्यानं हसणं अर्ध्यावर सोडलं. टेबलावर राखाडी लोकरी कापडाच्या दोन बाह्या पडल्या होत्या. दोन्हींचं कोपर एकाच बाजूला वळलेलं. समोरासमोर उभी राहून बोलायला हवीत अशी दोन माणसं एकामागोमाग एक निघून चालली आहेत, तशा त्या दिसत होत्या. कापड दुहेरी घालून कापलं तर डावं-उजवं आपसूक निघतं, तिथं चुकायला जागाच नसते. पण कापड अपुरं असलं की एकेरी घालावं लागतं, आणि मग एक बाही कापून झाली की कागदाचा फर्मा पालथा करायचा. पालथा करायचा, बस्स. नवशिका कटर पहिल्या वर्षात एकदा दोन डाव्या कापतो, शिव्या खातो आणि जन्मात पुन्हा कापत नाही. मास्तरनं कात्री धरली तेव्हा त्याच्या मिशा काळ्यासुद्धा झाल्या नव्हत्या. आता त्या पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. "चष्मा बदला," कुणीतरी म्हणालं. "नाहीतर बायको बदला," बॉबिन म्हणाला. बॉबिनला बॉबिन म्हणायचे ते याचसाठी, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखा एकदा सुटला की संपेपर्यंत थांबायचा नाही. मास्तर बाह्यांकडे बघत राहिला. फर्मा पालथा केल्याचं त्याला चांगलं आठवत होतं, आणि घोळ नेमका तिथंच होता. कागदाची ती करकर आठवत होती, उलटताना अंगावर आलेला वारा आठवत होता, कडेवरच्या खडूच्या खुणा पलीकडे गेल्याचं आठवत होतं. फक्त ते आजचं होतं, की कालचं, की एवढ्या सगळ्या वर्षांत पालथ्या केलेल्या सगळ्या फर्म्यांचं मिळून एकच, हे सांगता येत नव्हतं.

डोकं तसं पुष्कळ दिवस दुखत होतं. आधी नुसतं दुखायचं, मग त्याला जागा मिळाली, मग ते तिथं राहायलाच आलं. उजेड टोचायला लागला. टेबलावरची ट्यूबलाइट त्यानं बंद करायला लावली तेव्हा बॉबिन म्हणाला, मास्तर आता वासानं कापणार. एका खडूच्या रेघेच्या दोन रेघा दिसायच्या, आणि तो मधून कापायचा, दोघींचं मन राखल्यासारखं. कोट तरीही बरे बसत होते. हाताला माहीत होतं. त्यानं घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायकोनं पहिला प्रश्न गोळीचा विचारला असता.

गोळी. दोघांच्या रक्तात एकच गोष्ट होती आणि तिचं नाव घरात घेतलं जात नसे. ती कुणाकडून कुणाला आली यावर लग्नानंतरची काही वर्षं भांडून झाली होती. भांडण मिटलं नव्हतं, दोघं दमले होते, इतकंच. मग गोळ्या आल्या. जेवण झालं की ती एक घ्यायची, तो एक घ्यायचा, एकाच तांब्यातलं पाणी. वजन वाढलं, खोकला गेला, माणसात आल्यासारखं झालं. पुढं कारखान्यात संध्याकाळचं काम वाढलं तशी तो गोळी एप्रनच्या खडूच्या खिशात टाकून न्यायला लागला. सगळ्यांसमोर घ्यायची कशी? कसली गोळी, बॉबिननं विचारलंच असतं. एक दिवस ती खिशात सापडली, निळ्या खडूनं माखलेली, खडूचाच तुकडा वाटावा अशी. त्यानं ती फुंकली, बघितली आणि परत खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. आठवडा गेला, काही झालं नाही. काही झालं नाही हेच वाईट झालं. बरं असताना रोज कुणीतरी येऊन तू आजारी आहेस असं सांगावं आणि आपण मान डोलवावी, याचा त्याला कंटाळा आला होता. गोळी थांबवली तेव्हा तो कुणीच नव्हता, नुसता मास्तर होता. वर्षभर तो नुसता मास्तर होता.

आणि आता दोन डाव्या.

बसथांब्यावर तो पडला ते त्याला आठवत नाही. आठवतं ते त्याच्या आधीचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढत होती, आणि नंतरचं, दवाखान्यात एक डॉक्टरबाई त्याच्या पाठीशी उभ्या राहून म्हणत होत्या, "गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीला लावा, हलू नका." मणक्यात सुई गेली. सुईला उभी काचेची नळी जोडली होती आणि तिच्यातनं पाणी वर चढत होतं. त्याच्याच डोक्यातलं पाणी. नळी संपत आली तरी ते चढतच होतं. "बापरे," कुणीतरी हळूच म्हणालं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "बापरे बाहेर जाऊन म्हणा." मग त्यांनी पाणी थेंब थेंब काढलं, आणि मास्तरच्या कपाळावरनं, कित्येक आठवड्यांनी, कुणीतरी हात काढून घेतला. गळ्याशी घट्ट झालेल्या कॉलरचं बटण सुटावं तसं. तो रडला. दुखलं म्हणून नाही, बटण सुटलं म्हणून.

"बुरशी आहे," डॉक्टरबाईंनी बायकोला सांगितलं. त्यांचा आवाज थकलेला होता, पण घाईचा नव्हता. "हवेत असते, धुळीत असते, पारव्यांच्या विष्ठेत असते. तुमच्या-माझ्या नाकातूनही रोज जाते. आपलं शरीर तिला दारातूनच हाकलतं. यांच्या दारावर कुणी नव्हतंच. छातीतून रक्तात गेली, तिथून मेंदूच्या आवरणात." मग त्यांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद नाहीत," बायको म्हणाली. "रोज घेतात. मी देते."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले, उजेड टोचतो म्हणून. कारखान्याच्या पत्र्यावर पारवे बसायचे, दिवसभर घुमायचे, त्यांची पिसं लोकरीला चिकटायची आणि तो ती चिमटीत धरून फुंकायचा, हे त्याला आठवलं.

"मला सांगायचं होतंत," डॉक्टरबाई गेल्यावर ती म्हणाली. "मला नाही तर भिंतीला सांगायचं. मी ऐकलं असतं भिंतीमागून."

औषध शिरेतून जायचं आणि अंग थडथडायला लागायचं. दात वाजायचे, पलंग वाजायचा, पलंगाचा सैल झालेला एक नट वाजायचा. ती त्याच्या पायांवर स्वतःचं सगळं वजन टाकून बसायची, मशीनखाली सरकणारं कापड दाबून धरतात तशी. "हललात तर बघा," म्हणायची. तो हलायचा. ताप गेला की पुन्हा पाणी काढायचे. कधी रोज, कधी दिवसाआड. सुईची त्याला भीती वाटेनाशी झाली. तिची वाट बघायला लागला. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, कोट शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस जाड झाला की शिवण उसवून कोट सैल करता येतो. कवटीला अशी माया ठेवलेली नाही. ज्यानं कापली त्यानं अगदी रेघेवर कापली. आत काही फुगलं तर जायचं कुठं? हे त्यानं डॉक्टरबाईंना सांगितलं, निदान सांगायला सुरुवात केली, पण मधला शब्द सापडेना, तो जो शिवणीच्या आत, तो, कापड, आत. त्या थांबल्या. त्यांना थांबता येत होतं. मग म्हणाल्या, "सावकाश. तो शब्द कुठं जात नाही."

तो गेला होता.

मग बायकोनं विचारलं, रक्ताच्या गोळ्या कधी सुरू करायच्या? डॉक्टरबाई म्हणाल्या, लगेच नाही. बायकोला ते पटेना. ज्या गोळ्या बंद केल्यानं एवढं झालं त्या पहिल्याच दिवशी तोंडात कोंबायला हव्यात, असं तिचं म्हणणं. डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "आधी बुरशी मारू. काही आठवडे जाऊ देत. घाईनं गोळ्या दिल्या तर शरीराची ताकद एकदम परत येते. ती परत आल्या आल्या बघते की घरात चोर शिरलेत, आणि मग चोरांना मारता मारता घरच मोडते. मेंदूत तेवढी तोडफोड परवडत नाही."

"आणि थांबलं तर तोडफोड होणार नाही?"

"कमी होईल. होणार नाही असं मी म्हणत नाही."

त्याला ते आवडलं. कटरसुद्धा असंच बोलतो. बसेल, असं म्हणतो, पण घालून बघितल्याशिवाय बसला म्हणत नाही.

ते थांबले. पाणी स्वच्छ झालं, तो घरी आला, काही आठवड्यांनी गोळ्या सुरू झाल्या. ती आता गोळी त्याच्या जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "आ करा. जीभ वर. आता खाली." तो करायचा. भूक लागायला लागली. तो खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांचे कोट बघायचा आणि मनात उसवायचा: याचा खांदा उतरलाय, याचा मुंढा बगलेत खोल गेलाय, हा कोट याचा नाहीच, भावाचा आहे. एक दिवस म्हणाला, आज औषधं आणायला मी एकटा जातो. ती नको म्हणाली. तो गेला.

जाताना: दारातून बाहेर पडून डावीकडे. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे. शाळेच्या भिंतीपाशी डावीकडे. मग चौक, मग दवाखान्याचं मागचं फाटक. औषधाच्या खिडकीतल्या माणसानं पिशवी दिली, बरे दिसताय म्हणाला.

येताना: फाटकातून बाहेर पडून डावीकडे. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे, पण टाकी नव्हती. होती तिथून कुणीतरी ती काढून नेली होती आणि तिथं पेट्रोलपंप उभा केला होता. त्यानं पंपापाशी उजवीकडे घेतलं. शाळेच्या भिंतीपाशी डावीकडे. भिंत सापडेना म्हणून दुसऱ्या एका भिंतीपाशी त्यानं डावीकडे घेतलं, भिंतीला काय, भिंत ती भिंत. दारातून आत. दार उघडलं ते एका अनोळखी म्हातारीनं. "कोण हवंय?" तिनं विचारलं. त्याला काय हवंय ते माहीत होतं. आलेला रस्ता पालथा करायचा राहिला होता, एवढंच हवं होतं त्याला; पण म्हातारीला ते कसं सांगणार? तो तिच्या पायरीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मानेच्या वर, तिथंच, त्याच जागी, जुना भाडेकरू परत आला होता.

बाही हातात धरून बॉबिन उभा राहिला आणि म्हणाला, बाही हातात धरून, बाही हातात

पुन्हा गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, पुन्हा नळी. यावेळी बायको ओरडली. बुरशी परत आलीच कशी, तुम्ही तर मेली म्हणाला होतात. डॉक्टरबाईंनी तिला ओरडू दिलं. दोन दिवसांनी पाण्याची तपासणी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्यात जिवंत बुरशी नाही. मेलेली आहे, तिचे अवशेष आहेत. यांच्या शरीराची ताकद आलीय, आणि ती मेलेल्यांशी भांडतेय. म्हणून सूज." बायको खाली बसली. "म्हणजे हे बरे होतायत म्हणून आजारी पडले?" डॉक्टरबाईंनी मान हलवली. "तसंच. रक्ताच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. सूज उतरवायचं औषध देऊ, आणि ते हळूहळू कमी करू. एकदम नाही." मास्तर ऐकत होता. मेलेल्यांशी भांडणं म्हणजे काय ते त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. लग्नानंतरची काही वर्षं दोघांनी तेच केलं होतं.

सूज उतरली. ताप उतरला. डोकं शांत झालं, इतकं, की त्यात एखादी गोष्ट पडली तर आवाज यावा. घरी जाण्याच्या दिवशी डॉक्टरबाईंनी कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, घड्याळ काढा. त्यानं वर्तुळ काढलं, सुरेख, परकार न घेता. मग आकडे. सगळे आकडे उजव्या अर्ध्यात मावले आणि डावा अर्धा रिकामा राहिला. त्याला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मग त्यानं डॉक्टरबाईंचा चेहरा बघितला, आणि त्याला कळलं की चुकलंय, पण कुठं ते कळलं नाही. चुकलेलं दिसत नाही, आणि दिसत नाही हे मात्र दिसतं. असं काही या वयात शिकावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"किती परत येईल?" बायकोनं विचारलं.

"काही येईल. वर्षभर येत राहतं. सगळं येईल असं मी सांगणार नाही."

"कापायला?"

"कापून बघायला लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कापड बॉबिनच घेऊन आला. दारातनंच बोलत आला, चपला काढता काढता बोलला, पाणी पिता पिता बोलला, आणि मास्तरच्या चेहऱ्याकडे फक्त एकदा बघून मग भिंतीशी बोलत राहिला. "मालक म्हणाले, एक कोट कापून दाखवा. स्वतःच्या मापाचा. बिघडला तरी तुमच्याच अंगावर येईल."

"आणि नाही बिघडला तर?"

"तर सोमवारपासून टेबल तुमचं. नवा कटर कापतो तसा बरा. पण त्याच्या कोटात माणूस उभाच राहतो हो, बसला की कोट एकीकडे आणि माणूस एकीकडे." तो हसला. मग उठताना हळूच बायकोला म्हणाला, "वहिनी, दुहेरी घालून कापायला सांगा. चुकायला जागा राहत नाही." मास्तरनं ऐकलं. राखाडी कापड त्यानं ओळखलं होतं, त्याच ताग्याचं उरलेलं, एका बाजूला झुकलेली बारीक लव असलेलं. दुहेरी घालायला ते पुरणार नव्हतं. बॉबिनलाही ते माहीत होतं, बहुतेक मालकालाही.

सकाळी, उजेड खिडकीतून सरळ येतो त्या वेळी, त्यानं जमिनीवर चादर अंथरली, वर कापड घातलं आणि लव पायाकडे उतरती केली. पाठ कापली. पुढचे दोन भाग कापले. कात्री चालायला लागली तसा हात आठवायला लागला. हाताच्या मागून तो स्वतः, एखाद्या ओळखीच्या माणसामागून गर्दीत चालावं तसा. बायको मशीनवर बसून कुणाच्या तरी पडद्यांना किनार घालत होती आणि मुळीच बघत नव्हती. बाही. पहिली बाही कापून झाली. त्यानं कात्री खाली ठेवली. आता फर्मा पालथा करायचा. "पालथा," तो मोठ्यानं म्हणाला. कागद वाजला. त्यानं कागदाकडे बघितलं. वाजला ना? की वाजल्याचं आठवलं? खडूच्या खुणा दोन दिसत होत्या, एक अलीकडे, एक पलीकडे. खात्री असावी म्हणून, फक्त खात्री असावी म्हणून, त्यानं कागद पुन्हा उचलला आणि पुन्हा एकदा नीट, जाणूनबुजून, पालथा केला. मग कापलं. घाम फुटला होता, पण हात स्थिर होता. "झालं," तो म्हणाला. ती म्हणाली, "गोळी घ्या आणि पडा थोडं." गोळीनं झोप यायची. झोपेत पारवे पत्र्यावर घुमत होते.

कोट शिवायला तिनं पुढचे काही दिवस लावले. एका दुपारी म्हणाली, या, घालून बघा. बटणं नव्हती, काजं नव्हती, बाकी सगळा कोट होता. डावा हात गेला. उजवा हात घालताना त्यानं श्वास धरला. हात गेला. कोपराच्या जागी कोपर आलं, बाही पुढं वळली, जशी वळायला हवी तशी. त्यानं श्वास सोडला.

"बसला," ती म्हणाली आणि मशीनकडे वळली. तिनं नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

तो खिडकीशी गेला. हात पुढं केले, गिऱ्हाईकाला करायला सांगतात तसे. उजवी बाही जराशी गडद होती. फार नाही; एका हातावर ढगाची सावली पडावी एवढीच. त्यानं तळव्यानं डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत चोळली: मऊ. उजवी चोळली: खरखरीत, मांजराला उलटं कुरवाळावं तशी. लव वरती गेली होती. ही बाही खालचं टोक वर करून कापली होती. कुठलाही कटर असं करत नाही. कापड संपत आल्यावर, उरलेल्या तुकड्यात सरळ बसत नसेल तर, नाइलाजानं एखादा करेल. पण दोन बाह्यांना कापड पुरत होतं, त्यानं स्वतः मोजलं होतं. दोन बाह्या कापून झाल्यावर आणखी एक कापावी लागली तरच ते अपुरं पडतं. आणि कडेला, शिवणीच्या आत, बोटाला जास्तीचं कापड लागलं, कापडाला भिणाऱ्या माणसानं सोडलेलं. हे सगळं त्याला एका क्षणात कळलं, शब्द न शोधता, पूर्वी कळायचं तसं. घरात कुठंतरी तिसरी बाही होती. गादीखाली, किंवा कचऱ्यात, किंवा पडद्यांच्या ढिगात. डावी.

मशीन चालू झालं होतं.

"उजवी जास्त चांगली झालीय," तो म्हणाला.

मशीन थांबलं. तिची पाठ ताठ झाली. "दोन्ही तुमच्याच आहेत," ती म्हणाली.

"लव वर गेलीय तिची."

मग पाठमोरीच म्हणाली, "कापडच उरलं नव्हतं. काय करणार होते मी?"

"काही नाही. मीही तसंच केलं असतं." तो खिडकीतून बाहेर बघत होता. एक माणूस चालला होता, त्याचा कोट पाठीत ओढला जात होता, आणि का ओढला जात होता तेही मास्तरला दिसत होतं. डोळ्याला सगळं दिसत होतं. डोळ्यातून हातात उतरायची वाट तेवढी मोडली होती. "मालकांना सांगतो," तो म्हणाला. "टेबल नको. काज-बटणाला बसवा म्हणावं."

"बॉबिनला निरोप द्या. तुम्ही कशाला जाताय?"

"मी सांगेन."

"रस्ता..."

"तू चल बरोबर. तिथं तोंड मात्र मी उघडेन."

ती उठली. तिनं कोट त्याच्या खांद्यांवरून उतरवून घेतला, आधी उजवी बाही, मग डावी, त्याला खिडकीशी बसवलं आणि कोट त्याच्या मांडीवर घातला. मग सुई आणली, दोऱ्याचं रीळ आणलं, आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवली, वेगवेगळी. "काजं व्हायचीत अजून त्याची," ती म्हणाली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

त्यानं दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. सुई उजेडात धरली. सुईला दोन नेढी दिसत होती. त्यातलं एक खरं होतं. त्यानं दोरा पुढं नेला, थांबला, परत घेतला.

तिनं मशीन अजून चालू केलं नव्हतं.